तव्याभोवतीची पंगत

न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासातल्या मराठी घरात 'वाढदिवसाला कुठे जायचं?' असं पोरांना विचारलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: हिबाची. औषधांच्या दुकानाशेजारी एक बैठं हॉटेल, दारात कागदी कंदील, आत मोठाल्या लोखंडी तव्याच्या तीन बाजूंना खुर्च्या. उंच टोपीतला आचारी गाडा ढकलत येतो, कालथ्यावर अंडं गरगर फिरवतो, हवेत उडवतो आणि कालथ्याच्याच धारेवर झेलून फोडतो. कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून मधल्या पोकळीत तेल आणि दारू ओततो नि पेटवतो. ज्वालामुखी उसळला की पोरं किंचाळतात आणि आजी खुर्ची मागे घेते. मग कोळंबीची शेपटी उडून त्याच्या टोपीत, ब्रोकोलीचा तुरा समोरच्याच्या तोंडात. ज्याचा नेम चुकेल त्याला टाळ्या जास्त.

हे सगळं जपानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असणार, असा आपला समज होतो, आणि तो तसा झालेला हॉटेलवाल्यांनाही चालतो. प्रत्यक्षात जाड लोखंडी पत्र्यावर गिऱ्हाइकासमोर मांस भाजून वाढायची ही रीत, म्हणजे तेप्पानयाकी (अमेरिकेत तिलाच हिबाची म्हणतात), दुसऱ्या महायुद्धानंतरची. तिच्यातला तमाशा तर १९६४ नंतरचा, म्हणजे महाराष्ट्र राज्यापेक्षाही वयाने लहान. त्या तमाशात जुन्या जपानपेक्षा मॅनहॅटनमधल्या जागेच्या भाड्याचा वाटा मोठा आहे.

आधी मांसाचं बघू. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली. तीही बारमाही नव्हती, शेतीच्या हंगामापुरती होती. बौद्ध धर्माचा प्रभाव हे एक कारण आणि कामाची जनावरं वाचवणं हे दुसरं. पुढे हजार-बाराशे वर्षं ही बंदी कधी सैल, कधी कडक होत राहिली. रानडुक्कर, हरिण वगैरे 'औषध' म्हणून खाल्लं जाई. पण सर्वसाधारण जपानी घराच्या चुलीवर गोमांस चढत नसे. १८६८ च्या पहिल्याच दिवशी कोबे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, गोरे व्यापारी तिथे वस्ती करून राहिले आणि त्यांना बीफ हवं होतं. त्याच प्रांताच्या उत्तरेला, ताजिमाच्या डोंगराळ भागात, शेतकऱ्यांकडे नांगराला जुंपायचे काळे बैल होते. जनावर ताजिमाचं, पण नाव पडलं बंदराचं: कोबे बीफ. १८७२ साली खुद्द सम्राट मेइजीने बीफ खाल्लं, तसं जाहीरही झालं, आणि कालपर्यंत जे निषिद्ध होतं ते सुधारणेचं लक्षण ठरलं.

तरी जपान्यांनी ते खाल्लं आपल्याच पद्धतीने. कागदासारखे पातळ काप, सोया आणि साखरेच्या रश्श्यात शिजवलेले, चॉपस्टिकने उचलता येतील असे. बोटभर जाडीचा, सुरीने कापायचा तुकडा ही साहेबाची गोष्टच राहिली.

मग १९४५ उजाडलं. मार्चमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये अमेरिकी विमानांनी कोबेवर आगलावे बॉम्ब टाकले आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. ऑगस्टात जपान शरण आला. शहरात घरं नव्हती, तांदळाची टंचाई होती आणि काळ्या बाजाराशिवाय काही मिळत नव्हतं. रस्त्यावर नवे धनी होते अमेरिकी सैनिक. त्याच वर्षी शिगेजी फुजिओका यांनी कोबेत 'मिसोनो' नावाची खाणावळ काढली. तिचा मुख्य ऐवज म्हणजे एक जाड लोखंडी पत्रा. जहाजं बांधणाऱ्या शहरात बाकी कशाचीही वानवा असली तरी लोखंडाचा तुकडा मिळण्यासारखा होता. त्यावर सुरुवातीला व्हायची ओकोनोमियाकी: कोबी चिरून पिठात कालवायचा, पत्र्यावर जाडसर थापायचा आणि दोन्ही बाजूंनी भाजायचा. थोड्या पिठात पोट भरणारा, पडत्या काळाचा पदार्थ.

मिसोनोवाले सांगतात ती कथा अशी, की हे कोबीचं प्रकरण परदेशी गिऱ्हाइकांना काही रुचलं नाही. त्यांना मांस हवं होतं आणि गाव तर कोबे. तेव्हा त्याच पत्र्यावर बीफ पडलं. ते त्यांना आवडलंच, पण समोर चाललेलं काम बघण्यात ते जास्त रमले. जपानी गिऱ्हाइकांना सुरुवातीला यात विशेष वाटेना; नाक्यावरच्या खाण्याचा पत्रा तो, त्याचं कसलं कौतुक! पैसे मोजून बघणारे बाहेरचे होते. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. ही कला पहिल्यापासून परक्या डोळ्यांसाठी घडली आणि तिचे दोन्ही जन्म, कोबेतला आणि न्यूयॉर्कमधला, अमेरिकी गिऱ्हाइकासमोर झाले.

पत्र्याचंही थोडं सांगायला हवं, कारण खरी करामत अंडं उडवण्यात नाही, तिथे आहे. पत्रा जाड असतो तो दिसायला दणकट वाटावा म्हणून नव्हे. पातळ तव्यावर फ्रिजमधून काढलेला मांसाचा तुकडा ठेवला की तवा थंड पडतो, मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतं. जाड लोखंडात उष्णता साठलेली असते, त्यामुळे तुकडा टेकताच चर्र होतं आणि खालची बाजू खरपूस तांबूस धरते. शिवाय जाळ मधोमध असल्याने पत्र्याचा मध्य कडक तापलेला आणि कडा कोमट राहतात. जाणता आचारी गॅसच्या बटणाला हातसुद्धा लावत नाही. पदार्थ सरकवून आच कमी-जास्त करतो. चौपाटीवरचा पावभाजीवाला मध्ये भाजी रगडतो आणि तयार झालेला ढीग काठाला लावून गरम ठेवतो, तेच तंत्र.

जपानी पद्धतीत क्रमही ठरलेला असतो. पहिल्यांदा चरबीचा तुकडा फिरवून पत्रा माखायचा, त्यात लसणाच्या पातळ चकत्या सोनेरी होईपर्यंत सोडायच्या आणि कागदावर काढून ठेवायच्या. हे काम सावकाश चालतं. एक चकती काळी पडली तर सगळ्या तेलाला कडवट वास लागतो. त्या लसूणभरल्या चरबीवर मांस. सगळ्या कडा भाजून झाल्या की तुकडा काठाकडे ओढून धातूच्या झाकणाखाली थोडा निवू द्यायचा आणि मगच घासाएवढे चौकोन कापायचे. मोड आलेले मूग, कांदा, मशरूम मांसाच्या रसात परतायचे. शेवटी त्याच पत्र्यावर, उरलेल्या चरबीत, लसूण घालून भात. सोबत मिसो सूप आणि लोणचं. पहिल्या चकतीपासून शेवटच्या भातापर्यंत पत्र्यावर पडलेलं काही वाया जात नाही. ही टंचाईच्या काळातली शिस्त आहे, आणि महागड्या हॉटेलांनीही ती सोडलेली नाही.

हो, महागड्याच. जपानात तेप्पानयाकी पुढे मोठ्या हॉटेलांच्या वरच्या मजल्यांवर जाऊन बसली. तिथे आचारी हळू आवाजात मांसाचा प्रांत सांगतो, सुरी फिरवतो आणि बाजूला होतो. शेपट्या उडत नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प टोकियोला गेले तेव्हा जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी त्यांना गिंझातल्या 'उकाइ-तेइ' या तेप्पानयाकी हॉटेलात जेवायला नेलं. अमेरिकी पाहुण्याला जपानी जेवण द्यायचं, पण त्याने नाक मुरडायला नको, या पेचावर १९४५ ची तोड २०१७ मध्येही चालली.

तमाशाचा नायक मात्र वेगळाच. हिरोआकी आओकी, जगाला माहीत असलेला 'रॉकी'. जन्म १९३८, टोकियो. बाप युनोसुके स्टेजवरचा कलावंत, टॅप डान्स करणारा. युद्धानंतर त्याने टोकियोत एक छोटा कॅफे काढला. बेचिराख शहरात ढिगाऱ्यातून उगवलेलं एक लाल फूल दिसलं म्हणून त्याचं नाव 'बेनिहाना' ठेवलं, असं हे कुटुंब सांगत आलं आहे. हे फूल म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली करडई. सोलापूरकडच्या वाचकांना त्यात काव्य कमी आणि घाण्याचं तेल जास्त दिसेल, त्याला इलाज नाही.

रॉकी कुस्तीगीर होता, हलक्या वजनगटातला. कुस्तीच्या जोरावर अमेरिकेत पोचला, तिथे राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. हॉटेल व्यवस्थापनाचं शिक्षण घेता घेता तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गाडीवर आइस्क्रीम विकायचा आणि आइस्क्रीमवर जपानी कागदी छत्र्या खोचायचा. छत्रीची किंमत नगण्य, पण गिऱ्हाईक त्या छत्रीसाठी थांबायचं. साठवलेले १०,००० डॉलर, थोडं कर्ज आणि घरच्यांची मदत यांतून १९६४ साली मॅनहॅटनच्या पश्चिम ५६ व्या रस्त्यावर 'बेनिहाना ऑफ टोकियो' उघडलं. टेबलं चार. पहिले महिने हॉटेल जवळजवळ रिकामंच असायचं. मग 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'च्या खाद्यसमीक्षक क्लेमेंटाइन पॅडलफर्ड यांनी भरभरून लिहिलं आणि दाराबाहेर रांग लागली.

युद्ध संपून वीसच वर्षं झाली होती. १९४२ ते ४६ या काळात अमेरिकेने आपल्याच भूमीवरच्या सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. ताटात वाढलेला कच्चा मासा बहुतेक अमेरिकनांनी बघितलेलाही नव्हता. रॉकीने ओळखलं ते इतकंच, की या लोकांना परक्या देशाच्या सजावटीत बसायला आवडतं, पण ताटात परकं काही आलेलं चालत नाही. मग ताटात स्टेक, चिकन आणि कोळंबी, त्यांच्या घरचंच. जपानीपण सगळं ताटाबाहेर ठेवलं. त्यासाठी जपानातली जुनी घरं उतरवून तुळया, भिंती, दिवे सुटे करून जहाजाने आणले आणि तिथल्याच सुतारांकडून अमेरिकेत पुन्हा जोडून घेतले. आचारीही सुरुवातीला जपानातून यायचे, स्वयंपाक शिकलेले. निघण्याआधी त्यांना इंग्रजी आणि बेनिहानाच्या खास लकबी शिकवल्या जात.

पण डोकं चाललं ते हिशेबात. १९७२ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने बेनिहानावर अभ्यासप्रकरण लिहिलं आणि ते पुढे जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवलं गेलं. आपल्याकडे एमबीए केलेल्या अनेकांना बेनिहाना हे नाव जिभेआधी वहीतून कळलं आहे. मुद्दा सोपा आहे. साध्या हॉटेलात जवळपास ३० टक्के जागा स्वयंपाकघर, कोठार असल्या मागच्या बाजूला जाते आणि तिथे गिऱ्हाईक बसत नाही. इथे चूलच टेबलात, त्यामुळे बेनिहानात हा आकडा २२ टक्क्यांवर आला. मॅनहॅटनच्या भाड्यात आठ टक्के म्हणजे चेष्टा नव्हे. स्वयंपाकी आणि वाढपी एकच माणूस, तोच करमणूकही करणार. पदार्थ मोजके, म्हणून कोठीत सडणारा माल कमी. मेनू छोटा ठेवला की गिऱ्हाईक 'काय घेऊ' म्हणून दहा मिनिटं घालवत नाही, हाही फायदा.

पंगत आठांची, हा यातला सर्वांत धूर्त भाग. दोघं आले तर त्यांना सहा अनोळखी माणसांशेजारी बसवायचं. आठ जमेपर्यंत आलेल्यांनी बारमध्ये थांबायचं, आणि दारूवरचा नफा जेवणापेक्षा मोठा. पंगत बसली की सगळ्यांचं एकदमच शिजतं, एकदमच संपतं. आता आचाऱ्याच्या खेळाकडे या नजरेने बघा. अंडं उडतं तेव्हा भाज्या अजून चिरायच्या असतात. भूक लागलेल्यांचा वेळ जातो. ज्वाला उठते तेव्हा दुसऱ्या टेबलावरचे मान वळवतात, म्हणजे जाहिरात झाली. आणि शेवटी तो पत्रा खरवडून, लखलखीत पुसून, वाकून नमस्कार करून निघून जातो तेव्हा कुणी तोंडाने सांगत नाही, पण पडदा पडला आहे हे आठही जणांना कळतं. नाटक संपल्यावर खुर्चीत कोण बसून राहतं? सगळं तासाभरात उरकतं आणि पुढची पंगत आत. टॅप डान्स करणाऱ्याच्या पोराला हे सुचावं यात नवल नाही.

रॉकी स्वतः पुढे या तमाशाचीच आवृत्ती बनला. वेगवान बोटींच्या शर्यती, १९७९ मध्ये गोल्डन गेट पुलाखाली जीवघेणा अपघात, आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये तिघा साथीदारांबरोबर 'डबल ईगल ५' या फुग्यातून जपान ते कॅलिफोर्निया. माणसांना घेऊन फुग्याने पॅसिफिक ओलांडला तो पहिल्यांदा. १९९९ मध्ये शेअरबाजारातल्या आतल्या माहितीच्या गैरवापराचा गुन्हा कबूल केला. २००८ मध्ये तो वारला. बेनिहाना हॉटेलांची साखळी २०१२ साली सुमारे २९.६ कोटी डॉलरला विकली गेली आणि २०२४ मध्ये 'द वन ग्रुप' या हॉटेल कंपनीने ती ३६.५ कोटी डॉलरला घेतली.

तोवर नक्कल गावोगाव पोचली होती. या धंद्यात पेटंट घेण्यासारखं काहीच नव्हतं: पत्रा, गॅस, हूड आणि चार युक्त्या. बेनिहानात तयार झालेले आचारी बाहेर पडले, त्यांनी आपली हॉटेलं काढली. नंतर चिनी कुटुंबांनी हा धंदा मोठ्या प्रमाणावर उचलला. आज अमेरिकेतल्या गावच्या हॉटेलात कालथा फिरवणारा हात मेक्सिकोचा, फुजियानचा किंवा इंडोनेशियाचा असू शकतो. सोबत येणारा गुलाबीसर मेयोनीजचा सॉस जपानात कुणी ओळखणार नाही. मेनूवरच्या 'कोबे'बद्दलही सांगून ठेवतो: खऱ्या कोबे बीफची जपानबाहेर निर्यात सुरू झाली २०१२ मध्ये. त्याआधी अमेरिकेत कोबेच्या नावाने जे विकलं गेलं, ते काहीही असो, कोबे नव्हतं. आणि युक्त्यांची किंमतही कधी मोजावी लागते. २००१ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर उडती कोळंबी चुकवताना एका गिऱ्हाइकाची मान दुखावली, शस्त्रक्रियांनंतर काही महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला आणि घरच्यांनी बेनिहानावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. २००६ मध्ये ज्युरीने हॉटेलच्या बाजूने कौल दिला.

मुंबई-पुण्यात तेप्पानयाकी शिरली ती पंचतारांकित हॉटेलांच्या दारातून, म्हणजे अमेरिकेतल्या गल्लीबोळातल्या अवताराच्या नेमकी उलट. इथे तिच्यातलं मूळ मांसच बाजूला पडतं. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी होतीच, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे पत्र्यावर कोळंबी, चिकन, मासे, टोफू आणि अर्थातच पनीर. लसणाची चकती आता चरबीऐवजी तेलात किंवा लोण्यात पडते. पनीरही चांगलं लागतं, नाही असं नाही. पण पहिल्या चकतीपासून शेवटच्या भातापर्यंत एकाच चरबीने बांधलेली ती साखळी तुटते आणि उरतात सुटे सुटे पदार्थ.

शाकाहाऱ्यांची अडचण मात्र मुंबईत आणि न्यू जर्सीत सारखीच. पत्रा एक, पंगत एक, आणि आठांतला एक जण चतुर्थीचा. हॉटेलवाले पत्र्याचा एक कोपरा पुसून आधी भाज्या-टोफू करून देतात किंवा आतून वेगळ्या तव्यावर करून आणतात. आतून आणलेल्या ताटाबरोबर तमाशा येत नाही, म्हणून पोरांना पहिलाच पर्याय हवा असतो आणि आजीला दुसरा. आधी फोन करून विचारलं की निम्मा वाद टळतो.

२०२० मध्ये करोनाने पहिला घाव घातला तो अनोळखी माणसांना खांद्याला खांदा लावून बसवण्यावर. बेनिहानाचं सगळं गणित त्याच आठांवर उभं होतं. मग आचारी घराबाहेरच्या अंगणात येऊ लागले. गाडीत गॅसचा घडीचा पत्रा, बर्फाच्या पेटीत मांस आणि भाज्या, डोक्यावर तीच उंच टोपी. अमेरिकेतल्या उपनगरांत हा धंदा आता चांगला रुजला आहे आणि आपल्या लोकांच्या साठीशांतीपासून बारशापर्यंत कुठेही दिसतो. दर माणशी ठरतो, किमान माणसांची अट असते, आचाऱ्याची टीप वेगळी. टेबल-खुर्च्या आणि ताटल्या बहुतेक वेळा यजमानाच्याच.